उन्हाळ्याआधी जुन्या गाडीच्या कूलिंगचं काय काय पाहायचं

गाडी पाणी पितेय म्हटलं की हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'जुनी गाडी आहे, अधूनमधून टाकत राहा'. हा सल्ला आधी डोक्यातून काढून टाका. गाडीचं कूलिंग हे बंद सर्किट असतं. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रंगीत द्रावण, पेट्रोलसारखं खर्च होत नाही, तेच ते इंजिनातून रेडिएटरमध्ये आणि परत इंजिनात फिरत राहतं. रेडिएटरला नळीने जोडलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीतली पातळी थंडीत आणि उन्हाळ्यात बोटभर इकडेतिकडे झाली तर चालतं. पण महिन्याला अर्धा लिटर टाकावं लागत असेल तर ते कुठून तरी बाहेर पडतंय, आणि कुठून ते शोधून काढणं हेच खरं काम आहे.

हा लेख मारुती ८००, ओम्नी, जुनी झेन, सुरुवातीची सँट्रो अशा गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय. ८०० आली १९८३ च्या डिसेंबरात आणि बंद झाली २०१४ च्या जानेवारीत. म्हणजे सगळ्यांत 'नवी' ८०० सुद्धा आता दहा वर्षं ओलांडून गेली. रबर, प्लॅस्टिक आणि सील यांचं वय किलोमीटरपेक्षा वर्षांत मोजायचं असतं, त्यामुळे 'गाडी फारशी फिरलेलीच नाही' हे इथे कारण होऊ शकत नाही. शिवाय या गाड्यांचं सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं. एकदा गाडी दणकून तापली की हेड बाक घेतं, त्याच्या खालचं गॅस्केट (सांधा बंद ठेवणारी चकती) जातं, मग हेड उतरवा, फेसिंग मारून (घासून सपाट करून) आणा, नवीन गॅस्केट टाका. त्या एका बिलात खाली सांगितलेली कामं एकापेक्षा जास्त वेळा होऊन जातात.

काम फेब्रुवारीत काढा. गाडी रात्रभर उभी असलेली हवी आणि सकाळी हात घालायचा. गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं कूलंट थेट तोंडावर येतं. वरचा जाड पाईप हाताला पूर्ण थंड लागल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, कितीही घाई असली तरी.

आधी नुसतं बघा

हत्यारं काढण्याआधी टॉर्च घ्या. गाडीखाली रात्री पुठ्ठा टाकून ठेवला असेल तर उत्तमच, थेंब कुठे पडलाय ते कळतं. एसीचं पाणीही खाली पडतं, पण ते निव्वळ पाणी असतं. कूलंटला रंग असतो आणि बोटांना किंचित तेलकट लागतं. चव घेऊन बघू नका, ते विषारी आहे.

हळू गळणारं कूलंट गरम जागेवर सुकून जातं आणि मागे पांढरा किंवा हिरवट क्षाराचा डाग राहतो. हे डाग पाईपांच्या टोकांना, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीच्या आणि जाळीच्या सांध्यावर, वॉटर बॉडीच्या (कूलंट फिरवणाऱ्या पंपाच्या) खाली आणि इंजिन ब्लॉकच्या बाजूला असलेल्या गोल पत्र्याच्या प्लगांभोवती शोधा. मग गाडीच्या आत या. डाव्या सीटपुढचं कार्पेट उचलून हात लावून बघा. ओलसर आणि चिकट लागत असेल, किंवा समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल, तर हीटरची कॉइल फुटलीये. आपल्याकडे हीटर वर्षानुवर्षं कोणी लावत नाही, त्यामुळे ती आतल्या आत गंजत जाते आणि कुणाला पत्ता लागत नाही. मेकॅनिक हीटरचे दोन पाईप एकमेकांना जोडून कॉइल बाद करून टाकतात. कामचलाऊ म्हणून ठीक. पण पावसाळ्यात घाटात काचेवर धुकं धरलं की हीटर नसल्याचं कळतं.

आता झाकण उघडून आतला रंग बघा. स्वच्छ हिरवा, लाल, निळा, काहीही असो. चहासारखा तपकिरी असेल तर आत गंज आहे. वर तेलाचे तवंग किंवा लस्सीसारखा फेस दिसला तर इथेच थांबा आणि खाली हेड गॅस्केटबद्दल लिहिलंय ते आधी वाचा.

झाकण: सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित

रेडिएटरचं झाकण म्हणजे नुसतं बूच नाही, ते प्रेशर कुकरच्या शिटीचं काम करतं. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो. तेवढ्या दाबापर्यंत ते पाणी आत कोंडून धरतं. ०.९ च्या झाकणाखाली साधं पाणी साधारण ११८ अंशांना उकळतं, उघड्यावर १०० ला. उंचीवर तर त्याहून कमी: महाबळेश्वरला, समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर, उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. म्हणजे झाकण सैल पडलं असेल तर बाकी सगळं ठणठणीत असूनही चढावर गाडी उकळेल.

झाकण उलटं करून बघा. खालची मोठी रबरी चकती कडक, चिरलेली किंवा कडेने दबून खळगा पडलेली असेल तर झाकण बदला. मधोमध एक छोटी पितळी चकती असते. ती नखाने हलकेच ओढली की खाली यायला हवी आणि सोडली की परत बसायला हवी. इंजिन थंड होताना आत पोकळी तयार होते तेव्हा हा छोटा व्हॉल्व्ह उघडून बाटलीतलं कूलंट परत आत घेतो. तो अडकला असेल तर एक खूण दिसते: सकाळी बॉनेट उघडलं की वरचा जाड पाईप चपटा झालेला असतो, आणि झाकण उघडताच 'फस्स' करून फुगतो. लोक अशा वेळी पाईप बदलतात. दोष झाकणाचा असतो.

नवीन झाकण घेताना जुन्याइतक्याच आकड्याचं घ्या. जास्त आकड्याचं बसवलं तर जास्त गार राहील असं वाटतं खरं, पण तो जादा दाब जुन्या पाईपांना आणि प्लॅस्टिक टाकीला सोसावा लागतो. झाकणापासून बाटलीपर्यंत जाणारी बारीक रबरी नळीही हातासरशी बघून घ्या. तिला एक चीर असली की थंड होताना कूलंटऐवजी हवा आत ओढली जाते. बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर रिकामा होत जातो. म्हणून जुन्या गाडीत नुसती बाटली बघून कधीही समाधान मानू नका.

पाईप आणि क्लिपा

प्रत्येक पाईप दाबून बघायचा. चांगला पाईप दाबला जातो आणि लगेच परत येतो. कडक लाकडासारखा लागला, दाबताना आत करकर आवाज आला, किंवा तेल लागून फुगून लिबलिबीत झाला असेल तर गेला. क्लिपेच्या लगतची जागा नीट बघा, चिरा तिथूनच सुरू होतात. वरचा आणि खालचा पाईप सगळे बदलतात. थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावर रेडिएटरचा रस्ता उघडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) खालचा वितभर बायपास पाईप आणि मागे हीटरकडे जाणारे दोन पाईप मात्र राहून जातात, कारण तिथे हात पोचत नाही. सहा-सात वर्षं झाली असतील तर सगळा संच एकदमच बदला.

जुना पाईप निघत नसेल तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. प्लॅस्टिकचं तोंड तुटलं की रेडिएटरच बदलावा लागतो. ब्लेडने पाईपच उभा चिरा, तसाही तो फेकायचाच आहे. नवीन पाईप चढवण्याआधी तोंडावरचा क्षार बारीक पॉलिश पेपरने साफ करा. क्लिप तोंडाच्या उंचवट्याच्या मागे आली पाहिजे. आणि ती जिवाच्या आकांताने आवळू नका, क्लिपेच्या खाचा रबरात रुततात आणि नवा पाईप कापला जातो.

रेडिएटर बाहेरून

एसी असलेल्या गाडीत रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो, आणि दोघांच्या मधल्या बोटभर जागेत किडे, पिसं, वाळलेली पानं आणि चिखल यांची चटई बसते. पुढून धुतल्यावर ती आणखी घट्ट होते. पाणी इंजिनच्या बाजूने पुढे मारायचं. साधा बागेचा पाईप पुरे. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळ धरला तर जाळीच्या पात्या लोळतात आणि हवा जाणं बंद होतं. लोळलेल्या पात्या जुन्या दाढीच्या ब्लेडच्या बोथट कडेने किंवा टोकदार काडीने एकेक सरळ होतात. काम कंटाळवाणं आहे, पण रेडिओ लावून बसलं तर होतं.

रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीला केसासारखी चीर दिसली तर एम-सील हा घरी पोचण्यापुरता उपाय. रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा ट्रक ड्रायव्हरांचा जुना तोडगा तुम्ही ऐकला असेल. ती गळतीच्या जागी जाऊन बसते हे खरं, पण हीटर कॉइलच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसते. रस्त्यात अडकलात तर तुमची मर्जी. घरी आल्यावर मात्र पूर्ण फ्लश करणं, म्हणजे सगळं काढून आतून धुणं, आलं.

पंखा तपासायला इंजिन चालू ठेवा, तापमानाचा काटा मध्यावर येऊन पंखा सुरू होतो का बघा, आणि काही वेळाने आपोआप बंद होतो का तेही बघा. पंखा फिरतो एवढं पुरेसं नाही, तो हवा पुढून इंजिनाकडे ओढतो का ते पाहायचं. ग्रिलवर कागद धरा, चिकटला पाहिजे. मोटर रिवाइंडिंग करून आणलेली असेल तर तारा उलट जोडल्या जाऊन पंखा उलटा फिरण्याचे प्रकार होतात. असा पंखा उभ्या गाडीत थोडंफार काम करतो, चालत्या गाडीत समोरच्या वाऱ्याशी भांडतो.

पंखा सुरूच होत नसेल तर आधी फ्यूज आणि रिले. मग रेडिएटरवर बसवलेला दोन तारांचा थर्मो स्विच असेल तर त्याचा प्लग काढून तारेच्या तुकड्याने दोन्ही टोकं जोडा आणि इग्निशन चालू करा. पंखा फिरला तर स्विच गेलाय, नाही फिरला तर मोटर किंवा वायरिंग. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पंखा कंप्युटर चालवतो, तिथे हा जुगाड नको. अनेक गाड्यांत टेंपरेचर सेन्सरचा प्लग काढून इग्निशन चालू केलं की पंखा आपसूक लागतो, तेवढ्यावरून अंदाज येतो. हात, बाह्या, ओढणी पंख्यापासून लांब ठेवा. इग्निशन बंद असतानाही काही गाड्यांत तो अचानक फिरू लागतो.

बेल्ट आणि वॉटर बॉडी

वॉटर बॉडी फिरवणाऱ्या बेल्टच्या सगळ्यांत लांब पट्ट्यावर अंगठ्याने चांगलं दाबा. साधारण ६ ते १० मिलिमीटर दबला की ताण बरोबर. आतली बाजू चकाकत असेल किंवा चिरा असतील तर बदला. बेल्ट सैल करून हातात आहे तोवरच वॉटर बॉडीची पुली धरून हलवून बघा. खडखड किंवा डगडग लागली तर बेअरिंग गेलंय. बॉडीच्या खालच्या बाजूला एक छोटं भोक असतं. ते बुजवायचं नाही, ते सील गेल्याची खबर देण्यासाठीच ठेवलेलं असतं. त्यातून क्षाराची रेघ उतरलेली दिसली की वॉटर बॉडीचे दिवस भरले. काही गाड्यांत वॉटर बॉडी टायमिंग बेल्टवर चालते. तिथे टायमिंग बेल्ट बदलताना बॉडीही बदला, मजुरी एकदाच पडते.

थर्मोस्टॅट काढून टाकू नका

आपल्याकडे गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकायची जुनी सवय आहे. 'आपल्याकडे बर्फ पडतो का? कशाला पाहिजे व्हॉल्व्ह?' असं ठामपणे सांगणारे मेकॅनिक गल्लोगल्ली भेटतील. थर्मोस्टॅटचं काम इंजिन गरम ठेवण्याचं नसून एका ठरावीक तापमानावर ठेवण्याचं आहे. तो नसला की हायवेवर इंजिन थंडगार राहतं, पेट्रोल जास्त जातं, ॲव्हरेज पडतं, आणि अपुऱ्या तापलेल्या तेलात पाणी साठून सिलिंडर झिजतात. काही इंजिनांत तर उलटाच परिणाम होतो: थर्मोस्टॅट उघडताना बायपासचा रस्ता बंद करत असतो, तो नसला की काही कूलंट रेडिएटरमध्ये न जाताच इंजिनात गोल गोल फिरतं आणि ट्रॅफिकमध्ये गाडी आणखी तापते. जुनी गाडी विकत घेतली असेल तर आत थर्मोस्टॅट आहे का हे आधी बघा. सकाळी गाडी सुरू केल्यावर वरचा पाईप हातात धरा. पाच-सात मिनिटं थंड राहून मग झटकन गरम झाला तर तो आहे आणि उघडतोय. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर एक तर तो उघडा अडकलाय किंवा जागेवरच नाही.

काढताना हाऊसिंगच्या दोन छोट्या बोल्टवर आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. ॲल्युमिनियममध्ये ते चिकटतात आणि डोकं तुटतं. जुनं गॅस्केट प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, लोखंडी पात्याने नको.

घरी तपासणीही सोपी. जुन्या पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने तळाला न टेकता लोंबकळत ठेवा, शेजारी थर्मामीटर. वर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्याच्या दोन-तीन अंश मागेपुढे तो उघडायला लागला पाहिजे आणि पाणी उकळायच्या आत साधारण ८ मिलिमीटर उघडला पाहिजे. गार झाल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, आणि कडेला छोटी हलणारी पिन असेल तर ती वरच्या बाजूला, कारण हवा तिथूनच निघते.

जुनं काढणं, नवं भरणं

रेडिएटरच्या खाली ड्रेन प्लग असतो. तो वर्षानुवर्षं उघडलेला नसेल तर त्याच्याशी झटापट नको, खालचा पाईप काढा. खाली घमेलं ठेवा. हे कूलंट इथिलीन ग्लायकॉलचं असतं, ते गोड लागतं, आणि गल्लीतली कुत्री-मांजरं ते चाटून मरतात. गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका. कॅनमध्ये भरून, जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

मग साधं पाणी भरा, हीटरची कळ पूर्ण गरमवर ठेवा, पंखा लागेपर्यंत इंजिन चालवा, पूर्ण थंड होऊ द्या आणि काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करायचं. गंज फार असेल तर थर्मोस्टॅट काढलेला असतानाच रेडिएटरला खालच्या तोंडातून पाणी सोडून वरून बाहेर काढा, उलट्या दिशेने गाळ सुटतो. कॉस्टिक सोडा, ॲसिड असले प्रयोग करू नका. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं, आणि आपलं हेड त्याचंच आहे. शेवटचा हात डिस्टिल्ड वॉटरचा मारा.

कूलंट कुठलं? रंगावर जाऊ नका, रंग हा कंपनीचा विषय आहे, प्रत नव्हे. बाटलीवर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ असं काही लिहिलंय का आणि ते कॉन्सन्ट्रेट (पाणी न घातलेलं) आहे की तयार मिश्रण, हे वाचा. तयार मिश्रणात आणखी पाणी घालायचं नसतं. वेगळ्या जातीची कूलंटं एकमेकांत मिसळली तर एकमेकांची गंजरोधक द्रव्यं निकामी होतात, कधी कधी आत चिखलही होतो. आधी काय होतं ते माहीत नसेल तर पूर्ण फ्लश करूनच नवं भरा.

'आपल्याकडे बर्फ पडत नाही' हा मुद्दा इथेही निघतो. कूलंट गोठणं थांबवतं हे आपल्यासाठी दुय्यम. गंज थांबवणं, उकळबिंदू वाढवणं आणि वॉटर बॉडीच्या सीलला ओलावा देणं ही त्याची आपल्याकडची कामं. बोअरचं पाणी तर अजिबात नको, त्यातले क्षार बंबातल्यासारखे आत बसतात. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. दोन तृतीयांशच्या वर कूलंट नेऊ नका, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस आहे.

एक हिशोब बहुतेक जण चुकवतात. फ्लश केल्यावर ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये बरंच पाणी शिल्लक राहतं. वरून अर्धं-अर्धं मिश्रण भरलं की आत गेल्यावर ते पातळ होतं. म्हणून पुस्तकात क्षमता ४ लिटर दिली असेल तर आधी निव्वळ कॉन्सन्ट्रेट २ लिटर ओता, मग उरलेली जागा डिस्टिल्डने भरा.

हवा काढण्यासाठी गाडीचं तोंड चढावर करून उभी करा, हीटर गरमवर, झाकण उघडं, इंजिन थंड असतानाच सुरू करा. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, भरत राहा. मधूनमधून वरचा पाईप फडक्याने धरून दाबा. एअर काढायचा स्क्रू असेल तर त्यातून सलग कूलंट येईपर्यंत तो सैल ठेवा. पातळी स्थिर झाली की, कूलंट तोंडाशी फुगून यायच्या आत, झाकण लावा आणि पंखा दोनदा लागून बंद होऊ द्या. हीटरमधून गरम हवा येतेय का बघा. थंड येत असेल तर आत अजून हवा अडकलीये. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडून पातळी पुन्हा बघायची, जवळपास नेहमी पेलाभर लागतंच. पुढचा आठवडाभर लक्ष ठेवा. साधं हिरवं कूलंट दोन वर्षांनी बदला. तारीख बॉनेटखाली चिकटपट्टीवर लिहून ठेवा.

गळत कुठेच नाही, तरी कमी होतंय

मग हेड गॅस्केटचा संशय घ्या. हवा पूर्ण काढल्यावरही रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे थांबत नाहीत, सकाळी गाडी सुरू होताच पाईप टणक होतो, गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) दुधी तेल दिसतं, या त्याच्या खुणा. नुसत्या ऑइलच्या झाकणाखाली थोडी पिवळी साय असेल तर घाबरू नका, पावसाळ्यात कमी अंतर फिरणाऱ्या गाडीत ती धरते. खात्री करायची असेल तर निळ्या द्रावाची टेस्ट करून घ्या: रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढतात, एक्झॉस्टचा वायू असेल तर द्राव पिवळा पडतो. हात-पंपाने दाब देणारा टेस्टर असलेल्या गॅरेजमध्ये पंधरा मिनिटांत बाहेरची बारीक गळतीही सापडते. गॅस्केट गेलं असेल तर 'बंद करणारं' कुठलंही औषध ओतण्यात पैसे घालवू नका.

घाटात काटा वर चढला तर

एसी बंद करा, काचा खाली, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात. उकडेल, पण हीटर म्हणजे एक छोटा जादा रेडिएटरच आहे. तरी काटा उतरत नसेल तर सुरक्षित जागा बघून थांबा. नुसता गरम असेल आणि वाफ नसेल, तर इंजिन मिनिट-दोन मिनिटं चालू ठेवून पंख्याला काम करू द्या. वाफ निघत असेल तर लगेच बंद. काटा लालवर जाऊन अचानक खाली पडला तर 'गार झाली' असं समजू नका: कूलंट संपलं की सेन्सर हवेत लोंबकळतो आणि खोटं सांगतो. ज्या छोट्या गाड्यांत काटा नाहीच, फक्त लाल दिवा आहे, तिथे दिवा लागला म्हणजे उशीर झालेलाच असतो, ताबडतोब थांबा.

अर्धा-पाऊण तास बॉनेट उघडं ठेवा. इंजिनावर पाणी ओतू नका, तडा जातो. पाईप थंड झाल्यावर जाड फडक्याने झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, दाब जाऊ द्या, मगच काढा. इंजिन सुरू करून बारीक धारेने पाणी घाला. अशा वेळी हॉटेलातलं साधं पाणीही चालेल, पुढच्या आठवड्यात बदलून टाका. भरलेलं पाणी लगेच खालून निघून जात असेल तर गाडी पुढे रेटू नका, टोचन बोलवा.